सोडियमचं लग्न मोडलं त्याची गोष्ट

लातूरच्या अमृतराव सरांनी एकोणीस वर्षांत एकोणीस लग्नं लावली. दर वेळी नवरा सोडियम आणि नवरी क्लोरीन.

घरामागं पत्र्याची शेड, तिच्यात त्यांचा केमिस्ट्रीचा क्लास. जुलैचा पहिला सोमवार उजाडला की औसा, निलंगा, उदगीरकडची नवी पोरं बाकांवर दाटीवाटीनं बसायची आणि सर आत यायचे ते हातात अंतरपाट घेऊन. एखाद्या उंच पोराला मुंडावळ्या बांधायच्या. हा सोडियम. त्याला अकरा शेंगदाणे, म्हणजे इलेक्ट्रॉन, द्यायचे; दोन वरच्या खिशात, आठ खालच्या खिशात, अकरावा एकटा तळहातावर. मग एखाद्या लाजऱ्या पोराच्या डोक्यावर टॉवेलचा पदर. ही क्लोरीन. तिच्याकडं सतरा दाणे, दोन, आठ आणि सात.

"याच्या हातात एक जास्तीचा, हिच्या आठात एक कमी. सांगा, स्थळ कसं हाय?"

"लई भारी!" शेड ओरडायची.

अंतरपाट दूर व्हायचा, अकरावा दाणा पदरात पडायचा. देणारा झाला धन आयन, घेणारी झाली ऋण आयन. मग सर पितळी ताट काढून त्यात तांदूळ पसरायचे. लग्नात नवरा बायकोचं नवं नाव तांदळात लिहितो, तसं सोडियमनं बोटानं लिहायचं, 'क्लोराइड'.

"नवऱ्याचं नाव जागेवर. नवरी सासरी आली, नाव बदललं. माहेरची क्लोरीन, सासरची क्लोराइड. ऑक्सिजनचं ऑक्साइड, गंधकाचं सल्फाइड. आणि सल्फेट? ते पाच जणांचं एकत्र कुटुंब, एक गंधक, चार ऑक्सिजन. कोणत्या बी वऱ्हाडात जाऊ द्या, एकाच गाडीतून उतरणार."

या ताटापुढून उठलेला पोरगा जन्मात संयुगाचं नाव चुकत नाही, असा लौकिक होता. निलंग्याच्या एकाचं पुढं ऑपरेशन झालं, भूल उतरता उतरता डॉक्टरनं नाव विचारलं, तर गडी म्हणाला, "कॅल्शियम क्लोराइड." डॉक्टरनं म्हणे लगेच ओळखलं, हा अमृतराव सरांचा.

अशा माणसाला कुणावर जळायचं कारण नव्हतं. पण जगात नांदेड होतं आणि नांदेडात निजामोद्दीन होता.

निजामोद्दीन सरांच्या क्लासच्या बातम्या लातुरात रोज एक याप्रमाणे यायच्या. क्लास सुटला की गोदावरीच्या पुलावर बैलगाडी हलत नाही. अर्धापूरचे केळीवाले ट्रकमधून घड उतरवतात आणि पोरं भरतात. माहूरला देवीला निघालेले लोक आधी क्लासला नंबर लावतात, मग गड चढतात. स्टँडवरचे हमाल पोराची ट्रंक उचलतानाच विचारतात, "धन का ऋण?" यातलं किती खरं, किती रंगवलेलं, हे तपासायला अमृतराव कधी गेले नव्हते. पण त्यांच्या शेडमधले बाक दर वर्षी एकेक ओळीनं मोकळे होत चालले होते, ते मात्र त्यांना बसल्या जागी मोजता येत होते. प्रत्येक बातमीला त्यांच्या छातीत असा भडका उठायचा की केवळाबाई, त्यांच्या पत्नी, न विचारता खायच्या सोड्याचं पाणी आणून ठेवायच्या. फेस यायचा, ढेकर यायचा, जळजळ राहायची.

कारण निजामोद्दीन परका नव्हता. भूकंपाआधी दोघं लातूरजवळच्या मुरुडला एका शाळेत होते. अमृतराव विज्ञानाचे सर, निजामोद्दीन प्रयोगशाळेचा परिचर. बाटल्या धुवायच्या, बर्नर पुसायचे, वर्षातून एकदा लग्नाचे शेंगदाणे भाजायचे. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात जमीन हलली, त्या सकाळी दहाच्या सुमाराला दोघांनी प्रयोगशाळेचं दार उघडलं. काच, आम्ल, चुना, सगळा चिखल. फळीवरचा विटेएवढा सैंधवाचा खडा शहाबादी फरशीवर पडून फुटला होता. निजामोद्दीन त्याच्यापुढं उकिडवा बसला.

"सर, ये देखो. काच फुटली ती कशी बी फुटली. हे मीठ बघा, समदे तुकडे चौकोनी. हे रांगेत कसं काय फुटलं?"

औशाकडून माणसं दबल्याच्या बातम्या येत होत्या. अमृतरावांच्या बहिणीचं गाव त्याच बाजूला. ते एवढंच म्हणाले, "लोकं मातीखाली हायेत आणि तुला मिठाचं पडलंय? झाडून टाक."

बहीण सुखरूप निघाली. निजामोद्दीननं मीठ झाडून टाकलं. पुढं नोकरी करता करता तो बी.एस्सी. झाला, सासुरवाडीला नांदेडला गेला, आणि पाच-सहा वर्षांत त्या परिचराचा सर झाला. अमृतरावही शाळा सोडून लातुरात क्लास काढून बसले. दोघांत ना पत्र, ना फोन.

यंदा मात्र जळजळ घरात शिरली. सृष्टी, अमृतरावांची एकुलती एक पोरगी, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. मे महिन्यात तिनं एक छापील फॉर्म बापापुढं ठेवला. निजामोद्दीन सरांच्या क्लासचा. खाली पालकाच्या सहीची जागा रिकामी.

"शेजारची बुशरा गेल्या वर्षी गेली ना पप्पा, तिच्यासोबत राहीन मी."

"घरात केमिस्ट्री असताना?"

"घरातलीच विचारू का एक? मिठाच्या एवढ्या मोठ्या खड्यात सोडियमची बायको कोणती ते कसं ओळखायचं?"

"आगाऊपणा न्हाई करायचा. शेजारी असती ती!"

सृष्टीचं समाधान झालं नाही. अमृतरावांचंही झालं नाही. सरांची पोरगीच नांदेडला गेली तर लातुरात तोंड कसं दाखवायचं? दुसऱ्या दिवशी बुशरा सुटीला आली, तिला त्यांनी बारीक चौकशीनं पिळून काढलं.

"काका, सर लई भारी शिकवतात. सोडियम-क्लोरीनचा मोठा तमाशा असतो, सुटीतल्या बॅचला बी दर शनिवारी. पोरांना टोप्या घालायच्या. क्लोरीनचं नाव का बदललं, ते बी त्यातच."

टोप्या! तमाशा! नाव बदललं! अमृतरावांच्या डोळ्यांपुढं मांडव उभा राहिला. नऊ वर्षं शेंगदाणे भाजणाऱ्यानं लग्नच पळवलं होतं. मुंडावळ्यांच्या जागी टोप्या, एवढाच फरक. आता समजलं, गर्दी कुणाच्या जिवावर जमली ते. चोराला भर क्लासात उभं करायचं आणि फॉर्म फाडायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"होस्टेल बघून येतो," एवढंच त्यांनी घरात सांगितलं. सफारी काढली, धोतर नेसले, डोक्यावर पांढरी टोपी घातली, म्हणजे खेड्यातला पालक वाटावा. पिशवीत पुरावा म्हणून पितळी ताट घेतलं. अहमदपूर, लोहा करत एसटी चालली, आणि प्रत्येक खड्ड्याला मांडीवरचं ताट वाजत होतं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "पावनं, जेवायला चाललाव का भांडायला?" अमृतरावांनी पिशवी पोटाशी घट्ट धरली.

क्लास जुन्या कापसाच्या गोदामात होता. गाठी रचायला केलेले लोखंडी जाळीचे तीन मजले, एकावर एक. दारात वीरण्णा नावाचा देगलूरकडचा राखणदार बसला होता. त्यानं अमृतरावांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि नजर टोपीवर थांबवली.

"पालक काय? आत बसा. नक्को, थांबा. टोपी पांढरी हाय. आज सोडियममधला एक पोरगा तापानं पडलाय. खड्यात भोक नको म्हणून सर ओरडतात. चला, दुसरा मजला, चौथी रांग, पाचवी जागा."

अमृतरावांना तोंड उघडायला सवड मिळाली नाही. दोन मिनिटांत ते लोखंडी जाळीवर उभे होते. प्रत्येक मजल्यावर आठ रांगा, प्रत्येक रांगेत आठ जण, आणि एकाआड एक टोप्या, पांढरी, लाल, पांढरी, लाल. वरच्या मजल्यावर पांढऱ्याच्या डोक्यावर बरोबर लाल, खालच्या मजल्यावर पांढऱ्याच्या पायाखाली बरोबर लाल. मुंडावळ्या कुठंच नव्हत्या. अंतरपाटही नव्हता.

खाली भोंगा हातात घेऊन निजामोद्दीन उभा. दाढी पांढरी झालेली, चष्मा जाड, पण उकिडवं बसायची सवय तीच. बोलता बोलता खाली बसायचा, परत उठायचा.

"पांढऱ्या टोप्या, तुम्ही एकेक इलेक्ट्रॉन देऊन बसलेले. लाल टोप्या, तुम्ही एकेक घेऊन बसलेले. लाल टोपीचं नाव बदललं, क्लोरीनचं क्लोराइड. का बदललं? माझे मामू हजला गेले तवा गल्ली त्यांना 'ए करीम' म्हणायची. आले तर हाजीसाब. माणूस तोच, पण कमावून आला. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलत न्हाईत, म्हणून मला हे दुसरं शोधावं लागलं."

पोरं हसली. अमृतरावांच्या हातातली पिशवी अचानक जड झाली.

"आता पांढऱ्या टोपीवाल्यांनो, मोजा. तुमच्या अगदी लगत लाल टोप्या किती?"

अमृतरावांनी नको नको म्हणता मोजल्या. पुढं एक, मागं एक. उजवीकडं एक, डावीकडं एक. वर मान केली, तर जाळीतून चपलांचे तळवे आणि त्यांच्यावर वाकून बघणारी लाल टोपी. खाली बघितलं, तर लाल टोपीचा गोंडा.

"सहा!" गोदाम गरजलं.

"आता सांगा, त्यातला तुमचा कोणता?"

पांढऱ्या टोप्या वर-खाली, पुढं-मागं वळायला लागल्या.

"सांगा की. तुम्ही दिलेला इलेक्ट्रॉन कुणाच्या खिशात हाय, ओळखता येतोय? न्हाई ना? मिठात जोडपं नसतंय, बाळांनो. सहांनी मिळून एकाला धरलंय, आणि त्या सहांतल्या प्रत्येकाला बी सहांनी धरलंय. मिठाचं सूत्र हे नवरा-बायकोचं नाव न्हाई. एकाला एक, एवढं प्रमाण सांगतंय ते. साखरेत रेणू असतोय, पाण्यात असतोय. मिठाच्या खड्यात रेणू शोधायला जाल तर म्हातारे व्हाल."

अमृतरावांना आपलंच उत्तर आठवलं. शेजारी असती ती! सृष्टीनं विचारलं होतं ते हेच. एकोणीस वर्षं, हजारो पोरं, आणि प्रत्येकाला त्यांनी न झालेल्या लग्नाचं जेवण घातलं होतं. पण खरी आग दुसरीच होती. चोरी पकडायला आलेल्या माणसाला समजत होतं की चोरी झालेलीच नाही. निजामोद्दीननं नऊ वर्षं ते लग्न दाराआडून बघितलं, आणि नेण्यासारखं काही दिसलं नाही म्हणून तिथंच ठेवून गेला. नेलं असतं तर बरं झालं असतं, असं अमृतरावांना जाळीवर उभ्या उभ्या वाटलं. आणि ही टोप्यांची रांग आपल्याला का सुचली नाही?

"आता हातोडा मारतो," भोंगा म्हणाला. "दुसरा मजला, समदे एक पाऊल उजवीकडं!"

चौसष्टांतले त्रेसष्ट हलले. अमृतराव जागचे हलले नाहीत. हा सांगणार आणि मी हलणार? डावीकडची लाल टोपी त्यांच्यावर आदळली.

"ओ काका, हला की! तुमच्यापायी खडा फुटंना झालाय!"

पिशवी सुटली. पितळी ताट लोखंडी जाळीवर पडलं आणि असं घणघणलं की गोदामाच्या कौलांवरची कबुतरं थेट मुदखेडपर्यंत गेली म्हणतात. ताट गोल गोल फिरत राहिलं. सगळ्या टोप्या त्याच्याकडं वळल्या. खाली निजामोद्दीननं चष्मा कपाळावर सरकवला.

"हे ताट मी नऊ वर्षं घासलंय," तो भोंग्यातूनच म्हणाला. "अमृतराव सर! तुम्ही कुणाच्या सांगण्यावरनं हलणार न्हाई, हे मला ठावं हाय. पण आज पोरांसाठी एक पाऊल हला."

एकशे एक्क्याण्णव पोरं त्यांच्याकडं बघत होती. अमृतरावांनी दात आवळले आणि पाऊल उजवीकडं टाकलं. वर बघितलं, आता डोक्यावर पांढरी टोपी. पायाखाली पांढरी. सोडियमवर सोडियम, धनावर धन.

"कोण कुणाला सहन करंल?" निजामोद्दीन ओरडला. "न्हाई करणार! पळा!"

एक मजला या जिन्यानं, दुसरा त्या जिन्यानं, कल्ला करत पोरं बाहेर सुटली. खडा सरळ रेघेत फुटला होता.

हापिसात चहा आला. निजामोद्दीननं कपाट उघडून बोटाच्या पेराएवढा मिठाचा चौकोनी ठोकळा काढला आणि त्या पितळी ताटात ठेवला. अमृतरावांनी ठोकळा ओळखला, मुरुडच्या फुटक्या खड्यातला.

"हे तुला कधी सुचलं?" त्यांनी विचारलं. आवाज साधा ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला.

"तुम्ही झाडून टाक म्हणले त्याच दिवशी. झाडता झाडता."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं होतं की सर. तुमचं ध्यान बहिणीपाशी होतं. हाव, बरोबरच होतं ते; त्या दिवशी कुणाचं बी ध्यान मिठाकडं गेलं नसतं." त्यानं चहाचा घोट घेतला. "आणि खरं सांगू? मी बी लई जळायचो. तुम्ही लग्न लावायचे, समदी शाळा टाळ्या वाजवायची. मी दाराआड शेंगदाण्याच्या टोपल्याजवळ. वाटायचं, असं एक तरी माझं असावं."

या बोलण्यानं अमृतरावांना गार वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. चहा मात्र त्यांनी पूर्ण प्याला आणि ठोकळा देऊ केला तर घेतला नाही.

घरी केवळाबाईंनी विचारलं, "अवो, कसा हाय क्लास?"

"भिकार."

"आणि शिकवणं?"

"भोंग्यातनं बोलतो. कापसाचं गोदाम हाय. कबुतरं हागतात."

सृष्टीनं मान खाली घातली. ताटं वाढली गेली. अमृतरावांनी भातावर मीठ घ्यायला चिमूट भरली आणि ती तशीच दिव्यापुढं धरली. एकेक कण बारीक चौकोनी. रोज खाल्लेलं मीठ, आणि हे त्यांनी पंचावन्न वर्षांत बघितलं नव्हतं. वरण गार होईस्तोवर ते बघत बसले.

"सृष्टे, फॉर्म आण," ते शेवटी म्हणाले.

"फाडणार का, पप्पा?"

"पेन बी आण." सही करून त्यांनी कागद तिच्याकडं सरकवला. "सहा जणी असतात. तू विचारलं होतंस ना? सोडियमच्या लगत सहा असतात, आणि त्यातली त्याची कोणतीच नसती. मला ठाऊक नव्हतं. जा तिथं. पण त्याच्यापुढं माझं कौतुक करायचं न्हाई, आणि त्याचं माझ्यापुढं तर अजिबात न्हाई."

जुलैचा पहिला सोमवार आला. सृष्टी नांदेडला जाऊन महिना झाला होता. शेडमध्ये पोरं शेंगदाण्यांची वाट बघत बसली होती. अमृतराव रिकाम्या हातानं आत आले.

"सर, लग्न?"

"मोडलं," सर म्हणाले. "बाक बाहेर काढा."

गोदाम नव्हतं, तर काय झालं? अमृतरावांनी पंधरा दिवस आधीच शेडमध्ये छातीएवढा खड्डा खणून घेतला होता. नऊ पोरं खड्ड्यात, नऊ खड्ड्यावरच्या फळ्यांवर, आणि नऊ शिडीनं शेडच्या पत्र्यावर. लाल टोप्या कमी पडल्या तिथं केवळाबाईंची ब्लाउजपिसं बांधली. मधल्या पोरानं आपले सहा शेजारी मोजले, पत्र्यावरचा फक्त अंदाजानं. सगळं निजामोद्दीनसारखंच झालं असतं. पण अमृतरावांना त्याच्यापेक्षा एक काकणभर जास्त पाहिजे होतं. त्यांनी पत्र्यावरच्या नवांना सांगितलं होतं, "एक पाऊल सरका, पण जोरात."

नऊ जण जोरात सरकले. जुना पत्रा असा गडगडला की लातूरच्या लोकांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. भूकंपाला दहा वर्षं होऊनही पायांना आठवण होती. सगळी गल्ली क्षणात रस्त्यावर. कुणी कुकर घेऊन, कुणी अर्धी दाढी फेसात ठेवून, रेवणप्पा शिंपी कुणाचं तरी मापाला आलेलं अंगरख्याचं कापड गुंडाळून. गौरम्मा आजी दोन्ही नातवंडं बगलेत मारून उभ्या. मग बघतात तर जमीन शांत, आणि अमृतराव सरांच्या पत्र्यावर लाल-पांढऱ्या टोप्यांची पोरं.

"सर, हे काय करून राहिलाव?" रेवणप्पा ओरडला.

"मिठाचा खडा फोडलो!"

आधी गल्लीनं त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. मग कुणीतरी विचारलं, खडा असा कसा फुटतो? अमृतरावांनी तिथंच, भर रस्त्यात, कुकरवालीला आणि अर्ध्या दाढीला टोप्या घालून परत एकदा फोडून दाखवला. गौरम्मांनी क्लोराइड व्हायला साफ नकार दिला, त्या सोडियमच झाल्या. आठवड्यात बाकांच्या दोन ओळी भरल्या. लोक सांगत सुटले की अमृतराव सर भूकंप आणून केमिस्ट्री शिकवतात, आणि ही बातमी एसटीच्या आधी नांदेडला पोचली.

त्या रविवारी सृष्टीचा फोन आला.

"पप्पा, आमचे सर दोन दिवस कुणाशी बोलेनात. आज मला बाजूला बोलावून विचारलं, तुझ्या वडलांनी पोरं पत्र्यावर चढवली म्हणे, खरं काय? पत्रा किती फूट उंच हाय?"

अमृतराव उठून खिडकीशी गेले. शेडचा पत्रा नऊ फुटांवर होता. कपडे वाळत घालायला केवळाबाईंना शिडीही लागत नव्हती, नुसता बांबू पुरायचा.

"चाळीस सांग," ते म्हणाले. कित्येक वर्षांनी छातीत एकदम गार गार वाटत होतं. "आणि जळजळ व्हायली तर खायच्या सोड्याचं पाणी घे म्हणावं. फेस येतो, पण लई उपयोग न्हाई व्हत."